चावीवाले मामू आणि माथेरानची गाडी

ऑक्टोबरच्या सुट्टीत धाकट्या लेकीचा मुलगा माझ्याकडे राहायला आला आणि पिशवी खाली ठेवायच्या आधीच त्याने फर्मान काढलं, "नानी, मला माथेरानच्या गाडीत बसायचंय." वय वर्षं आठ. या वयात मुलांना नाही म्हणता येतं, पण निभावता येत नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी डब्यात चपात्या आणि अंड्याची भुर्जी घेऊन आम्ही दोघं लोकलने नेरळला उतरलो.

मोठ्या फलाटाच्या बाजूलाच छोट्या गाडीचं स्टेशन आहे. डबे उभे होते, पण तिकिटाची खिडकी बंद. काचेवर कागद चिकटवलेला: पावसाळ्यानंतरचं काम सुरू असल्याने नेरळ ते माथेरान गाडी अजून सुरू झालेली नाही. वर अमन लॉज ते माथेरान शटल तेवढी चालू आहे. घरून निघण्यापूर्वी चौकशी करायला हवी होती, ती मी केली नव्हती. पोराच्या डोळ्यांत पाणी.

तेवढ्यात नारिंगी जॅकेट घातलेला, खांद्यावर लांब पाना घेतलेला एक रेल्वेचा माणूस रूळ ओलांडून आला. पोराकडे बघून थांबला.

"काय झालं रे बाळा? मावशी, गाडीला आलात का?"

"हो ना दादा. गाडी बिघडलीय का?"

"गाडी चांगली आहे. वाट तयार नाही. दर पावसाळ्यानंतर निम्मी वाट पुन्हा बांधल्यासारखीच असते. खडी वाहून जाते, माती खाली येते. आमचं काम पुरं झालं, साहेबांनी ट्रॉलीवरून बघितलं, रिकामी गाडी वर जाऊन आली, की मग तुमची गाडी."

मी त्याला म्हटलं, "माझे मामू याच लाइनीवर चावीवाले होते." त्याने खांद्यावरचा पाना खाली ठेवला आणि आम्हाला बाकावर बसवलं. पुढचा अर्धा तास पोरगं गाडी विसरून त्याच्याकडे बघत होतं. तो अर्धा तास आणि माझ्या मामूंच्या आठवणी, असं मिळून या महिन्याचं हे सदर आहे.

आधी थोडा इतिहास, कारण तो आपल्याही घरात माहीत असायला हवा. माथेरानची गाडी म्हटली की लोकांना इंग्रज आठवतात. माथेरान इंग्रजांनी नावारूपाला आणलं हे खरंच आहे. १८५० मध्ये ठाण्याचा कलेक्टर ह्यू मॅलेट या डोंगरावर चढला आणि मग बंगले उठले. पण रेल्वे इंग्रज सरकारने बांधलेली नाही. ती बांधली अब्दुल हुसैन आदमजी पीरभॉय यांनी आणि पैसा घातला त्यांचे वडील सर आदमजी पीरभॉय यांनी. दाऊदी बोहरा घराणं, मूळ काठियावाडातल्या धोराजीचं. आदमजी शेठ लहान वयात मुंबईला आले. रस्त्यावर काड्यापेट्या विकण्यापासून त्यांनी सुरुवात केली असं सांगतात. पुढे फौजेला तंबू आणि इतर सामान पुरवण्याच्या धंद्यात त्यांचं नाव झालं. चर्नी रोडच्या सॅनेटोरियमला आजही त्यांचंच नाव आहे. १९०७ च्या डिसेंबरात कराचीला मुस्लिम लीगचं अधिवेशन भरलं, त्याचे अध्यक्ष तेच होते. आणि त्याच वर्षी २२ मार्चला नेरळहून माथेरानला पहिली गाडी गेली होती.

काम १९०४ ला सुरू झालं, खर्च आला सोळा लाख रुपये. त्या काळचे सोळा लाख! बाप पैसे देतो आणि मुलगा डोंगरात उभा राहून काम करून घेतो, असा हा मामला. आखणीत एव्हरार्ड कॅलथ्रॉप या इंजिनिअरचा हात होता. सोलापूरकडच्या वाचकांना हे नाव ओळखीचं असेल, बार्शी लाइट रेल्वेचा कर्ता तो हाच. ज्या मजुरांनी कडे फोडले, त्यांची नावं मात्र कुठल्या पाटीवर नाहीत.

आता वाटेबद्दल. नेरळ जवळजवळ समुद्रसपाटीला आणि माथेरान सुमारे आठशे मीटर उंचीवर. म्हणजे एकवीस किलोमीटरच्या वाटेत गाडीला साडेसातशे मीटर चढायचं असतं. चढ वीसास एक. वीस पावलं पुढे गेलात की एक पाऊल वर. पायी चालणाऱ्याला हे काहीच वाटत नाही, पण लोखंडी रुळावर लोखंडी चाक आहे हे लक्षात घ्या, त्याला पकड ती किती असणार? आपल्या बोरघाटात, कर्जतहून खंडाळ्याला चढताना, चढ सदतीसास एक आहे आणि तिथे गाड्यांना मागून जादा इंजिनं लावावी लागतात. निलगिरीच्या गाडीला चढण्यासाठी रुळांच्या मध्ये दातेरी पट्टी बसवलेली आहे. माथेरानला तसलं काही नाही. नुसता रूळ, नुसतं चाक.

रुळांमधलं अंतर दोन फूट. घरातल्या दाराच्या निम्म्याहून थोडं जास्त. इतकं अरुंद का? डोंगर फोडायचा खर्च वाचतो हे एक. आणि अरुंद रुळाला आखूड वळण घेता येतं हे दुसरं. या वाटेवर दोनशेहून अधिक वळणं आणि शंभराहून अधिक छोटेमोठे पूल-मोऱ्या आहेत. दार्जिलिंगला काही ठिकाणी गाडी पुढे जाते, मग मागे येते, मग पुन्हा पुढे, अशी वर चढते. इथे माउंट बेरीजवळ तशी वेळ आली असती, म्हणून घोड्याच्या नालेसारखा भराव घालून गाडीला पूर्ण वळवून घेतलं. बोगदा सगळ्या वाटेत एकच, आणि तोही इतका आखूड की त्याचं प्रचलित नाव मी या घरगुती मासिकात लिहीत नाही. ज्यांना माहीत आहे त्यांना माहीत आहे.

सुरुवातीची चार इंजिनं जर्मनीच्या ओरेनस्टाइन आणि कोपेल कारखान्याची होती. त्यांच्यात एक युक्ती होती, ती मामू लाटणं हातात घेऊन समजावून सांगायचे. लोखंडी दांडीवर फिरणारं लाटणं तुम्ही बघितलं असेल: आत दांडी, बाहेर पोकळ लाकूड. त्या इंजिनांच्या पुढच्या आणि मागच्या आसाचं तसंच होतं. आतला आस इंजिनाला पक्का, बाहेरची पोकळ नळी चाकांसकट त्याच्यावर थोडी डावी-उजवीकडे सरकायची, वळायची. त्यामुळे इतक्या आखूड वळणातून तीन जोड्या चाकांचं इंजिन न अडता निघायचं. "इंजिन वळायचं नाही ग, त्याचे पाय वळायचे," असं मामू म्हणायचे. ते नोकरीला लागले तेव्हा वाफेची इंजिनं अजून धावत होती. जर्मनीहूनच आलेली डिझेलची इंजिनंही तोवर लाइनीवर आली होती. पुढे वाफेची बंद झाली.

माझे मामू, अम्मीचे सख्खे भाऊ, साठच्या दशकात गँगमन म्हणून लागले आणि नंतर चावीवाले झाले. इंग्रजी कागदात की-मॅन. रूळ स्लीपरला धरून ठेवणाऱ्या लोखंडी पाचरींना चावी म्हणतात. गाडी गेली की हादऱ्याने त्या ढिल्या होतात. चावीवाल्याने रोज आपल्या हद्दीतली वाट पायी चालायची, प्रत्येक चावीकडे बघायचं, ढिली असेल ती हातोड्याने ठोकायची, रुळांच्या जोडावरच्या पट्ट्यांचे बोल्ट पान्याने आवळायचे. एका हातात हातोडा, खांद्यावर पाना, पिशवीत दोन-चार चाव्या आणि लाल-हिरवी झेंडी. मामू फजरची नमाज पढून निघायचे. सुट्टीत आम्ही पोरं नेरळला त्यांच्या चाळीतल्या खोलीवर असलो की नानी आम्हाला त्यांच्या मागे जाऊ द्यायची नाही, पण पहिल्या वळणापर्यंत आम्ही जायचोच.

त्यांचे कान विलक्षण होते. हातोडा मारला आणि "टण" असा कोरडा आवाज आला तर चावी घट्ट. "भद" असा आला तर आत जागा आहे. स्लीपरखाली पोकळी असेल तरी आवाज बदलायचा. एकदा घरी नानीच्या नव्या पाटा-वरवंट्यावर त्यांनी बोटाने टकटक केलं आणि म्हणाले, "अम्मी, याला आतून चीर आहे." नानी रागावली. पुढच्या बकरी ईदेला मसाला वाटताना तो पाटा दुभंगला, तेव्हा घरात जो हशा पिकला तो मला आजही ऐकू येतो.

वळणावर धोका कसा असतो तेही त्यांनीच दाखवलं होतं. गाडी वळते तेव्हा बाहेरच्या चाकाची कड बाहेरच्या रुळाला ढकलत असते. दिवसातून इतक्या वेळा ढकललं की रूळ केसाएवढा सरकतो. आज केसाएवढा, महिन्याने सुपारीएवढा. दोन फुटांच्या वाटेत सुपारीएवढी जागा म्हणजे चाक आत पडायला आमंत्रण. म्हणून गँगवाले मोजपट्टीने रुळांमधलं अंतर सतत मोजतात, वळणावर रुळाच्या कडेला ग्रीस लावतात आणि बाहेरच्या बाजूचा रूळ किंचित उचललेला आहे ना ते बघतात. वेगाची मर्यादा ताशी बारा किलोमीटर. सायकलवाला पुढे जाईल. प्रवासी कुरकुर करतात की अडीच तास लागतात. त्या वाटेवरून चाललेला माणूस कुरकुर करणार नाही.

चढण्यापेक्षा उतरणं कठीण. आताच्या डब्यांना हवेचे ब्रेक आहेत, ते २०१७-१८ च्या दुरुस्तीत बसवले. त्याआधी डब्यांचे ब्रेक हाताने लावावे लागायचे. त्यासाठी गाडीवर ब्रेक पोर्टर असायचे, डब्यांच्या टोकाला उभे. ड्रायव्हरने शिट्टी दिली की त्यांनी चाक फिरवून ब्रेक आवळायचा, पुन्हा शिट्टी झाली की सोडायचा. शिट्टीची एक भाषाच होती. सगळ्यांनी एकसारखं आवळायला हवं. एकाने आधी आवळलं आणि दुसऱ्याने उशिरा, की डबे एकमेकांवर आदळायचे. मामू म्हणायचे की जमातीत इमामाच्या तकबीरवर सगळे एकत्र रुकूत जातात ना, तसं.

आणि मग पाऊस. या लाइनीचा खरा मामला पावसाशी आहे. मे महिना संपत आला की मामूंचा चेहरा बदलायचा. जूनच्या मध्यापासून ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत वरची गाडी बंद असते. पण गाडी बंद म्हणजे काम बंद नाही, उलट तेव्हाच जास्त. माथेरानला पाऊस मुंबईपेक्षा कितीतरी जास्त पडतो. डोंगराचा माथा तांबड्या जांभ्याचा आणि खाली काळा कातळ. जांभा पाणी पितो, कातळ पीत नाही. म्हणजे वर मुरलेलं पाणी कातळावर आलं की बाजूने वाट काढतं आणि नेमकं डोंगराच्या कुशीत कोरलेल्या रुळांवर येतं. येताना माती आणतं, दगड आणतं. म्हणून रुळाच्या वरच्या अंगाला चर खणलेले असतात, ते पाणी अडवून मोरीकडे नेतात. चर पानांनी आणि गाळाने तुंबला तर पाणी रुळाखालून जातं, खडी धुऊन नेतं आणि रूळ वरून जसाच्या तसा दिसत राहतो. फसवणूक इथेच होते. वरून सगळं ठीक, खाली पोकळ.

मामूंचा सगळा जीव त्या चरांत होता. रूळ, इंजिन, डबे यांच्याबद्दल ते विचारल्यावर बोलायचे, चराबद्दल न विचारता. एका ठिकाणी, जुम्मापट्टीच्या वर, पाणी दर वर्षी चर सोडून रुळावर यायचं. मामू आणि त्यांच्या मुकादमाने दोन पावसाळे नुसतं पाणी कुठून येतं ते बघितलं, छत्री घेऊन, तासन्‌तास. मग लक्षात आलं की वर एका झाडाच्या मुळाशी बीळ आहे आणि चरातलं पाणी तिथून आत शिरून खाली निघतं. दगड आणि चिखल भरून त्यांनी ते बंद केलं आणि चराला थोडी नवी दिशा दिली. पुढे कित्येक वर्षं तिथे काही झालं नाही. याची नोंद कुठल्या वहीत असेल असं मला वाटत नाही. काही झालं नाही याची नोंद कोण ठेवतो?

२६ जुलै २००५. ही तारीख मुंबई-रायगडच्या माणसाला सांगावी लागत नाही. सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस झाला. आमच्या घरात छातीएवढं पाणी होतं, तो किस्सा मी या सदरात पूर्वी लिहिला आहे. माथेरानच्या वाटेचं तर काही राहिलंच नव्हतं. भराव गेले, दरडी आल्या, कित्येक ठिकाणी खालची जमीन निघून गेली. मामूंना निवृत्त होऊन नऊ-दहा वर्षं झाली होती, गुडघे गेले होते. पाऊस उघडल्यावर ते काठी घेऊन एकटेच निघाले. मामी ओरडत राहिली. संध्याकाळी मगरिबच्या आधी परत आले ते चिखलाने माखून. जेवले नाहीत. नुसतं एवढंच म्हणाले, "रूळ हवेत लोंबतोय. कपडे वाळत घालायच्या दोरीसारखा."

आम्हाला सगळ्यांना वाटलं, संपली ही गाडी. मामूंनाही तसंच वाटलं असावं, कारण पुढे बरेच दिवस ते लाइनीचं नावच काढत नव्हते. पण काम सुरू झालं. दीडेक वर्षं लागलं आणि मार्च २००७ मध्ये, गाडीला शंभर वर्षं भरत असताना, ती पुन्हा सुरू झाली.

त्यानंतर काही दिवसांनी आम्ही मामूंना गाडीत बसवलं. तोवर ते प्रवासी म्हणून खिडकीशी कधी बसलेलेच नव्हते. तीस वर्षं त्या वाटेवर गेली, पण पायी, नाहीतर ट्रॉलीवर. आम्ही सगळे दरीकडे बघत होतो, मुलं माकडांना फुटाणे टाकत होती (टाकू नयेत, हे आता कळतं). मामू दुसऱ्या बाजूला, डोंगराकडे तोंड करून बसले होते. चर बघत होते. जुम्मापट्टी मागे पडलं, गाडी थोडी वर गेली आणि त्यांनी माझा हात धरला. "इथे," म्हणाले. मी बघितलं. नवं दगडी बांधकाम होतं, मोरी मोठी केलेली होती. त्यांचा चर राहिलेला नव्हता. मला वाटलं त्यांना वाईट वाटेल. ते बराच वेळ मान मागे वळवून बघत राहिले आणि म्हणाले, "पाणी बरोबर ठिकाणी काढलंय." मग डबा उघडून त्यांनी खाल्लं.

मामू २०११ मध्ये अल्लाहच्या घरी गेले. पुढचं त्यांनी बघितलं नाही. मे २०१६ मध्ये थोड्याच दिवसांच्या अंतराने दोनदा डबे रुळावरून घसरले. कोणाचा जीव गेला नाही, पण गाडी थांबवली. ३० ऑक्टोबर २०१७ ला वरची शटल सुरू झाली आणि २६ जानेवारी २०१८ ला पूर्ण गाडी. दरीच्या बाजूला कठडे आले, हवेचे ब्रेक आले. पाठोपाठ २०१९ च्या पावसाने वाट पुन्हा वाहून नेली. त्या वेळी पूर्ण गाडी सुरू व्हायला २२ ऑक्टोबर २०२२ उजाडलं. तीन वर्षं. या दुरुस्तीत सिमेंटचे स्लीपर टाकले आणि तारेच्या जाळीत दगड भरून धरबंद घातले.

आमचे जावई हिशेबी माणूस आहेत. नेरळहून परत आल्यावर नातवाने रडगाणं सांगितलं तेव्हा ते म्हणाले, "अम्मी, रागावू नका, पण ही गाडी बंदच केली तर काय बिघडेल? टॅक्सी अर्ध्या तासात दस्तुरी नाक्यावर सोडते. तिकिटांतून खर्च निघत नाही. दर पावसाळ्यात कोटी घाला, दर पावसाळ्यात वाहून जाऊ द्या. कशासाठी? हौसेसाठी?"

त्यांचा मुद्दा मी झटकून टाकणार नाही. गाडी तोट्यात आहे हे कोणी लपवत नाही. दार्जिलिंग, निलगिरी आणि कालका-सिमला या तिन्ही गाड्या युनेस्कोच्या जागतिक वारशात गेल्या, माथेरानची नुसती संभाव्य यादीत बसून आहे. मानपत्राने खडी येत नाही हेही खरंच.

पण मी त्यांना विचारलं, दस्तुरीला उतरल्यावर पुढे काय? माथेरानात मोटारीला बंदी आहे आणि असावी. तिथून पुढे दोन-अडीच किलोमीटर पायी, घोड्यावर, नाहीतर अमन लॉजहून शटल. माझ्यासारख्या गुडघेदुखीच्या बाईला, पोटुशी सुनेला, पाठीवर दप्तर असलेल्या पोराला शटलच बरी, आणि ती पावसातही चालते. सामानही तिच्यावरून येतं. आता ती शटल हवेत चालते का? तिची इंजिनं आणि डबे मोठ्या दुरुस्तीला खाली नेरळच्या शेडमध्ये आणावे लागतात. तो रस्ता म्हणजे हीच एकवीस किलोमीटरची वाट. खालची वाट सोडून द्या आणि वरची ठेवा, असं होत नाही. घराचा जिना काढून टाकून वरची खोली ठेवण्यासारखं आहे ते.

जावई म्हणाले, "मग सगळीच रस्त्याने न्या क्रेनने." मी गप्प बसले. नेताही येत असतील. हिशेब त्यांचा पक्का असेल. पण त्यांच्या हिशेबात एक रकाना नाही असं मला वाटतं. ही वाट चार-सहा वर्षं सोडली तर ती तशीच राहात नाही, डोंगर ती परत घेतो. आणि वाटेबरोबर ती बघणारी माणसंही जातात. कुठल्या वळणावर पाणी कुठून येतं हे ज्याला चालून चालून माहीत आहे, तो माणूस बदलून दुसरीकडे गेला की ते कुठल्या कागदावरून परत मिळत नाही. नव्या माणसाला पुन्हा दोन पावसाळे छत्री घेऊन उभं राहावं लागेल. जावई यावर हसले आणि चहा मागितला. आमचा वाद तसाच आहे.

परत त्या सकाळकडे येते. त्या ट्रॅकमनदादांनी पोराला विचारलं, "ऐकायचंय?" आणि बाजूच्या बंद रुळावर, जिथे गाडी येणार नव्हती तिथे, नेऊन हातोडा मारून दाखवला. टण. मग चार पावलं पुढे दुसऱ्या जागी. भद. पोराने लगेच सांगितलं, "हा ढिला आहे!" दादांनी माझ्याकडे बघितलं आणि म्हणाले, "मावशी, मामू तुमचे होते हे खरं दिसतंय."

आता घरात हातोडा लपवून ठेवावा लागतो, कारण पलंग, कपाट, गॅसची शेगडी, सगळ्याची तपासणी चालू आहे. दादांनी माझा नंबर लिहून घेतलाय. पहिली गाडी सुटायची तारीख ठरली की फोन करतो म्हणाले. पोरगं रोज संध्याकाळी त्याच्या घरून मला विचारतं, "नानी, फोन आला?" हा मजकूर संपादकांकडे पाठवते आहे तोवर तरी आलेला नाही.